पाणीवाल्या बाईंची पिपेट

मित्रांनो, बाईंनी मला शेवटचे हातात घेतले तो एक साधा मंगळवार होता. अगदी साधा. खिडकीतून येणारे ऊन ओट्याच्या मध्यापर्यंत पोचले होते, कोपऱ्यातला फ्रीज नेहमीसारखा घुमत होता आणि नव्या तुकडीतली आठ मुले एकामागून एक पाणी मोजत होती.

मी पिपेट. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेले नसेल, म्हणून सांगते. माझा आकार एखाद्या जाडजूड पेनासारखा. डोक्यावर एक कळ असते. ती अंगठ्याने दाबायची, माझे टोक द्रवात बुडवायचे आणि अंगठा हळूच सैल सोडायचा. ठरवले असेल तेवढाच द्रव मी आत घेते. कळ पुन्हा दाबली की तेवढाच बाहेर सोडते. माझे माप जास्तीत जास्त शंभर मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याचे साधारण दोन थेंब. दोन थेंबांसाठी एवढा थाट कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या खोलीत माझे आयुष्य गेले तिथे दोन थेंबांवर माणसांची वर्षे अवलंबून असतात.

ही खोली एका संशोधन संस्थेची. कॉलेजात शिकणारी आठ मुले दरवर्षी इथे निवडून येतात. दोन वर्षे ती इथे काम शिकतात, कॉलेज सुटल्यावर दुपारी आणि सुटीत पूर्ण दिवस. पेशी कशा वाढवायच्या, औषध कसे मोजायचे, प्रयोग कसा मांडायचा आणि तो फसला तर चारचौघांत कसे सांगायचे, हे सगळे इथे शिकवतात. शेवटी मोठ्या संस्थांमध्ये पीएचडीच्या मुलाखती असतात. आजार का होतो, औषध कसे लागू पडते, हे शोधण्यात पुढची पाच-सहा वर्षे घालवायला मिळणार की नाही, ते तिथे ठरते. बहुतेकांच्या घरी पीएचडी म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नसते. एकाने आजीला समजावले होते, "मी डॉक्टर होणार, पण इंजेक्शन देणार नाही." त्यावर आजी म्हणाली, "मग काय उपयोग?" आणि विषय संपला.

या मुलांचा हात घडवणाऱ्या त्या बाई. त्यांच्या नावामागे डॉक्टर नव्हते. हुद्दा तांत्रिक सहायकाचा. मुले त्यांना पाठीमागे 'पाणीवाल्या बाई' म्हणत, कारण पहिले दोन आठवडे त्या मुलांना पाण्याखेरीज कशालाही हात लावू देत नसत. शंभर मायक्रोलिटर पाणी उचला, वजनकाट्यावर सोडा, आकडा वहीत लिहा. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन शंभर मिलिग्रॅम भरले पाहिजे. असे दहा वेळा. दहाही आकडे जवळपास सारखे आले तर हात बसला, नाहीतर उद्या पुन्हा. चुकलेला आकडा खोडून टाकायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खाली काय होते ते वाचता येते.

त्या मंगळवारी एका उंच मुलीच्या हातून माझ्या शेजारची पिपेट खाली पडली.  ती मुलगी पिपेट घेऊन बाईंसमोर आली.

"बाई, माझ्या हातून पडली."

"कुठून?"

"ओट्यावरून. फुटलेली दिसत नाही. पण पडली."

बाईंनी पिपेट घेतली आणि तिला लाल चिकटपट्टी लावली. आमच्याकडे याचा अर्थ, तपासल्याशिवाय वापरू नये. मग त्या म्हणाल्या, "सांगितलंस ना? मग झालं. दहा मिनिटांचं काम आहे. चल, वजन करून बघू."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागवायला निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे. आत्ता काम कर."

मग मला हातात घेऊन त्या एका मुलाला अंगठा कसा सोडायचा ते दाखवत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हातात मोजे होते, म्हणून त्यांनी शेजारच्या मुलीला फोन स्पीकरवर टाकायला सांगितले. फोन त्यांच्या लेकीचा होता. लेक दुसऱ्या शहरात संशोधन करते, तिच्या हाताखालीही आता मुले शिकतात.

"बोल गं. पण सगळी तुकडी ऐकतेय. काही गुपित असेल तर ठेव पोटात."

पलीकडून लेक म्हणाली, "गुपित कसलं, आई. जेवलीस का, विचारायला केला."

"जेवले. तू?"

"अजून नाही."

"चार वाजले."

"तुझ्याच तालमीतली आहे मी."

मुले हसली. बाईही हसल्या. त्यांच्या हातातले हसू मला कळले, कारण अंगठा किंचित हलला आणि अर्धा थेंब ओट्यावर सांडला. "बघा, बोलता बोलता काम केलं की असं होतं," असे त्या मुलांना म्हणाल्या आणि लेकीला म्हणाल्या, "रविवारी ये."

"बघते."

संध्याकाळी बाईंनी मला पुसले, स्टँडवर उभी टांगली आणि दिवा मालवून त्या गेल्या. बुधवारी आल्या नाहीत. दुपारी या खोलीचे प्रमुख, आमचे सर, आत आले आणि मुलांना म्हणाले की बाई पहाटे झोपेतच गेल्या. त्या दिवशी कोणी पाणी मोजले नाही.

मित्रांनो, आता थोडे मागे जाते.

माझा जन्म धुळीला मज्जाव असलेल्या एका कारखान्यात झाला. आत पोलादी दांडी, तिच्याभोवती एक नाजूक रबरी कडे, वर स्प्रिंग. माझ्या अंगावर एक क्रमांक कोरला आणि मला फोमच्या गादीत झोपवून इथे पाठवले. बाईंनी खोका उघडून पहिल्याच दिवशी माझ्याकडून दहा वेळा पाणी मोजून घेतले. दहाही आकडे शंभराच्या आसपास आले. "शहाणी आहेस," असे त्या म्हणाल्या. वस्तूंशी बोलायची त्यांना सवय होती. माणसांशी मात्र मोजून बोलत.

ती माझी भरभराटीची वर्षे. मुलांची माझ्यासाठी ओढाताण व्हायची. "ती निळ्या कळीची पिपेट मला हं, आज माझा प्रयोग आहे." मी हाताने माणसे ओळखते. कोणाचा अंगठा घाई करतो, कोणाचा तळहात घामेजतो, कोण मुलाखतीच्या आदल्या दिवशी थरथरतो, हे सगळे मला ठाऊक असते. या खोलीत आलेल्या सगळ्या हातांमध्ये मला सर्वांत आवडला तो शिंपिणीचा हात.

शिंपीण हे तिचे टोपणनाव. वडील शिंपी, लहानपणापासून ती काजे-बटणे करत आलेली. तुकडीत आली तेव्हा दोन आठवड्यांचे पाणी तिने तीन दिवसांत संपवले. बाईंनी तिची वही दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "हे हात वाया घालवू नकोस." बाईंच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळच.

त्याच तुकडीत बाईंची लेकही होती. इतरांसारखी परीक्षा आणि मुलाखत देऊन आली होती. निवडीच्या वेळी बाई बाहेर जाऊन बसल्या होत्या. पण खोलीत कोणाचा विश्वास बसत नसे. "घरी जादा शिकवणी असेल बुवा," असा टोमणा तिला अधूनमधून मिळे. प्रत्यक्षात उलटे होते. इतरांची चूक बाई बाजूला घेऊन सांगत, लेकीची चूक सगळ्यांसमोर. ती हुशार होती. वाचायची खूप, प्रश्न अचूक विचारायची. पण तिचा अंगठा घाई करायचा. मुलाखतीच्या वर्षी मोठ्या प्रयोगांआधी बाई सगळ्यांना सुटीत पुन्हा पाण्यावर बसवत; सोळा दिवस झाले तरी तिचे पाणी बसले नव्हते. त्या सकाळी बाई सर्वांदेखत म्हणाल्या, "डोकं पुढे पळतंय आणि हात मागे राहतोय. आज पुन्हा."

त्याच दुपारी सगळे जेवायला गेले होते. लेक एकटीच राहिली होती, आकडे बसवायचेच म्हणून. तिने मला ओट्यावर आडवी ठेवली. आम्हाला आडवे ठेवायचे नसते, हे तिला चांगले माहीत होते. ती वहीत लिहायला वळली, कोपर लागले आणि मी फरशीवर आपटले.

बाहेरून मला ओरखडाही आला नाही. आतले रबरी कडे मात्र सरकले. तिने मला उचलले. तिच्या बोटांमधली नाडी मला ऐकू येत होती. तिने दाराकडे पाहिले, लाल चिकटपट्टीच्या रिळाकडे पाहिले. मग मला एप्रनला पुसून स्टँडवर टांगले आणि दुसरी पिपेट घेतली. त्यानंतर तिने मला कधी हात लावला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढीशी गोष्ट. होतीच एवढीशी. दहा मिनिटांचे काम. पण त्या सकाळचा अपमान ताजा होता आणि एका दिवसात दुसऱ्यांदा सर्वांसमोर उभे राहायचे तिच्या जिवावर आले.

दोन दिवसांनी शिंपिणीने मला उचलले आणि तिचा मोठा प्रयोग सुरू केला. काही पेशींना औषध द्यायचे आणि किती जगतात ते पाहायचे. औषध पायरीपायरीने पातळ करत न्यायचे असते, पहिल्या नळीतून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक पायरीला मी शंभर म्हणून एक्क्याण्णवच देत होते आणि चूक पुढे वाढत होती. मला ओरडून सांगता आले असते तर सांगितले असते. पुढच्या नळ्यांत औषध कमी पडले आणि पेशी अपेक्षेपेक्षा जास्त जगल्या. सहा आठवडे जगत राहिल्या. या पेशी औषधाला दाद देत नाहीत, असे नवेच काही सापडल्यासारखे वाटून सर खूश झाले. मुलाखतीत दाखवायला असा निकाल म्हणजे दार उघडण्यासारखेच. शिंपिणीच्या वडिलांनी मुलाखतीसाठी तिला नवा कुर्ता शिवायला घेतला होता.

मग सरांनी दुसऱ्या मुलाला तोच प्रयोग करायला सांगितला. त्याच्या पेशी मेल्या. तिसऱ्याच्याही मेल्या. मुलाखती बारा दिवसांवर होत्या. सर खोलीत आले तेव्हा आठही मुले तिथे होती.

"हे आकडे दुसऱ्या कोणालाच येत नाहीत," सर म्हणाले. "तुलाच कसे आले?"

"आले तसे लिहिले, सर," शिंपीण म्हणाली.

"लिहिणं सोपं असतं."

तिचा चेहरा उतरला. बाई ओट्यामागून पुढे आल्या. "सर, जरा थांबा. मुलीला विचारायच्या आधी हत्याराला विचारू." त्यांनी शिंपिणीकडून मला घेतले आणि पाणी वजनकाट्यावर सोडले. एक्क्याण्णव. नव्वद. एक्क्याण्णव. ब्याण्णव. दहाही आकडे तसेच आले.

"मुलीचे आकडे खरे आहेत," बाई म्हणाल्या. "पिपेट खोटी आहे." मग त्यांनी रांगेकडे पाहिले. "कोणाच्या हातून पडली होती का? मी रागावणार नाही. फक्त कळू दे."

फ्रीज घुमत राहिला. लेक रांगेत तिसरी होती. तिचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता.

 बाईंनी तपासणीची वही उघडली, एक पान पाहिले आणि मिटली. "मग तपासणी माझ्याकडून राहिली, सर. चूक माझी." त्या पानावर काय होते ते मला ठाऊक आहे. मी पडण्याच्या चारच दिवस आधी त्यांनी मला तपासले होते. तारीख होती, सही होती, आकडे होते. तरी सरांच्या टेबलावर त्यांनी माफीची चिठ्ठी ठेवली आणि पुढच्या बैठकीत दोन शब्द ऐकूनही घेतले. लेक आपली म्हणून त्यांनी ते अंगावर घेतले, की शिंपिणीवरचा संशय ताबडतोब पुसायचा म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांचा हात त्या दिवशी नेहमीसारखाच स्थिर होता. त्यावरून काही कळले नाही.

शिंपीण निकालाशिवाय मुलाखतीला गेली. पिपेट बिघडली होती, असे तिने खरे तेच सांगितले. समोरच्यांनी विचारले, "सहा आठवडे रोज हातात होती, तुम्हाला कळलं नाही?"  तिची निवड झाली नाही. लेकीची झाली.

पुढच्या वर्षी बाईंनी शिंपिणीला तीनदा अर्ज आणून दिला. तिने एकदाही भरला नाही. वडिलांची नजर अधू झाली होती हे खरे, पण कारण तेवढेच नव्हते. तिने एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात नोकरी धरली. माझी दुरुस्ती झाली, पण दुरुस्त झालेली पिपेट आमच्याकडे मोठ्या प्रयोगांना वापरत नाहीत. काही महिने मी खणात पडून होते. चिमटे, संपलेले मार्कर आणि एक तुटके घड्याळ हे माझे शेजारी. मग बाईंनी मला बाहेर काढले आणि पाण्याच्या धड्याला लावले. गेली चौदा वर्षे मी फक्त पाणी उचलते. मला त्याचे वाईट वाटत नाही. दरवर्षी आठ नवे हात माझ्यावर शिकतात.

आणि दर शनिवारी शिंपीण यायची. सुटीच्या दिवशी, पगार न घेता, फक्त चहावर, बाईंना मदत करायला. मुलांचे अंगठे ती बाईंसारखेच पकडायची. तिने स्वतः मला वापरून काही मोजलेले मात्र मी पाहिले नाही. दाखवायची वेळ आली की म्हणायची, "बाई, तुम्ही करा ना. माझ्या हाताचा भरवसा नाही." आणि मला तिच्या हातापासून बाईंच्या हातात जाताना दरवेळी वाटायचे, की शिंपिणीच्या हाताहून भरवशाचा हात मला कधी मिळाला नाही.

बाई गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी लेक आली. सरांनी तिला आईचे सामान न्यायला बोलावले होते. सामान ते काय, दोन एप्रन, चष्म्याचे घर, कान उडालेला कप. त्या कपात ती बराच वेळ पाहत राहिली. शिंपिणीने मुलांना चहाला पाठवले आणि ती लेकीजवळ येऊन बसली.

"झोपतेस का नीट?"

"झोपते. पण पहाटे जाग येते."

"येणारच." शिंपिणीने स्टँडवरून मला काढले आणि उगाच पुसायला लागली. "तुझ्याबद्दल फार बोलायच्या नाहीत. पण मागे एकदा म्हणाल्या, आमची लेक आता रोज सकाळी पिपेटा तपासायला लावते म्हणे सगळ्यांना. पोरं पळून जातील तिची."

लेक हसली नाही. "म्हणाली असं?"

"हो. कौतुकानंच." शिंपिणीने मला उजेडात धरले. "एक सांगू? आता त्या नाहीत म्हणून सांगते. ही पडली होती ना, त्यानंतर बाईंनी मला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांची खात्री असेल की माझ्याच हातून पडली, आणि मला वाचवायला चूक अंगावर घेतली. मी मनाशी म्हटलं, पडली असेल आपल्याच हातून. नवा प्रयोग, घाई, कळलंही नसेल मला. चौदा वर्षं आठवते आहे तो आठवडा, पण पडल्याचं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच आहे? तेव्हापासून हातावरचा विश्वासच गेला गं. म्हणून तर फॉर्म भरला नाही."

हे सगळे ती दुःखाने बोलत नव्हती. जुन्या दुखण्याबद्दल बोलावे तसे सहज बोलत होती. तेच ऐकवत नव्हते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. आम्हाला उभे टांगा, कोरडे पुसा, वेळच्या वेळी तपासा. हे सगळे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. आम्ही पडणारच. कोणाच्या तरी हातून, घाईत, जेवणाच्या सुटीत आम्ही पडणारच. पडलो तर सांगा. आम्ही दुरुस्त होतो. पण तुम्ही गप्प राहिलात, तर आमची चूक दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाऊन बसते, आणि ती काढायला कुठलाही कारागीर मिळत नाही.

शिंपिणीने मला पुन्हा टांगायला हात उचलला. लेकीने तिचे मनगट धरले. तिचा हात गार होता, पण अंगठ्यात आता घाई नव्हती.

"तू जेवायला गेली होतीस," लेक म्हणाली. "सगळेच गेले होते. मी हिला ओट्यावर आडवी ठेवली आणि माझं कोपर लागलं. मी उचलली, एप्रनला पुसली आणि परत टांगली. आईनं विचारलं तेव्हा मी तिसरी उभी होते आणि बोलले नाही. नंतर तुझी निवड झाली नाही, तेव्हाही बोलले नाही. आईला सांगायचं राहिलं. त्या शेवटच्या मंगळवारी फोनवर सुद्धा राहिलं." ती थांबली. शिंपीण तिच्याकडे पाहत होती. लेकीने नजर खाली केली नाही. "माझ्या हातून पडली. तुझा हात चुकला नव्हता. कधीच चुकला नव्हता."